जुन्या गाडीचा सातबारा

१० नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका गाडीत स्फोट झाला आणि त्यात माणसं गेली. तपासाचा एक पहिला धागा होता गाडीचा नंबर. गाडी हरियाणा पासिंगची, त्यामुळे पोलीस सुरुवातीलाच जाऊन पोचले ते नोंदणीत नाव असलेल्या माणसाकडे. त्याने ती आधीच विकलेली होती. पुढे ती आणखी काही हातांतून गेली होती. गाडी फिरत गेली, कागद मागेच राहिला.

ती बातमी वाचताना मला माझी स्कूटर आठवली. २०१९ मध्ये मी ती ओळखीतल्या एकाला विकली. फॉर्मवर सह्या केल्या, आरसी दिली, पैसे घेतले, वर चहाही झाला. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं माझ्या मोबाइलवर चलानचे मेसेज येत राहिले. हेल्मेट नाही. सिग्नल तोडला. ट्रिपल सीट. त्या ट्रिपल सीटच्या फोटोत तीन कोवळी पोरं होती, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ती उद्या कुठे धडकली तर पहिली नोटीस माझ्या दारात येणार, हे तेव्हा नीट कळलं.

जुनी गाडी घेताना काय बघायचं, असं विचारलं की लोक इंजिन, टायर, मायलेजपासून सुरुवात करतात. तेही बघायचंच आहे आणि खाली ते आलं आहे. पण मी कागदापासून सुरुवात करणार आहे. क्लच गेला तर पाच-दहा हजारांत नवा बसतो. मालक परदेशात आणि नाव त्याचंच, अशी गाडी मात्र वर्षानुवर्षं दारात उभी राहते.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण काय करतो? सातबारा काढतो. नाव कुणाचं, बोजा कुठल्या बँकेचा, फेरफार झालाय का, हे बघतो. रान कितीही हिरवं असलं तरी उताऱ्यावर भलतंच नाव असेल तर कुणी इसार देत नाही. गाडीचा उतारा म्हणजे आरसी, नोंदणी प्रमाणपत्र. पूर्वी ते पुस्तक असायचं म्हणून अजूनही आपण 'आरसी बुक' म्हणतो. आता ते स्मार्ट कार्ड असतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे: ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. पैसे कुणी दिले, चावी कुणाकडे, पार्किंग कुणाच्या बिल्डिंगमध्ये, याने त्यात फरक पडत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. पहिल्या मालकाने २००७ मध्ये गाडी विकलेली, पुढे ती हातोहात फिरलेली, २००९ मध्ये अपघात झाला. नाव पहिल्याचंच. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत फिरावं, अशी अपेक्षा करता येणार नाही, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो.

फेरफाराची मुदतही कायद्यात दिलेली आहे. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. त्यासाठीचे फॉर्म २९ आणि ३०. बाजारात यांनाच 'टीटीओ फॉर्म' म्हणतात. सरकारी फी मोटरसायकलला १५० आणि कारला ३०० रुपये, शिवाय स्मार्ट कार्डाचे २००. उशीर केला की दंड वेगळा. थोडक्यात, पैशांसाठी कुणी हे काम टाळत नाही. कंटाळ्याने टाळतं, किंवा गाडी पुढे विकायचीच आहे म्हणून मधला दलाल मुद्दाम स्वतःचं नाव चढवत नाही. कोऱ्या सह्यांचे फॉर्म एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि तिसऱ्या हातापर्यंत पहिल्या मालकाचा फोन बंद झालेला असतो.

बोजा उतरलाय का?

गाडी कर्जावर घेतलेली असेल तर आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असतं. आरटीओचा शब्दही सातबाऱ्यावरचाच आहे: कर्जबोजा. "कर्ज कधीच फिटलंय हो," असं विकणारा सांगेल आणि ते खरंही असेल. पण शेवटचा हप्ता भरला म्हणून बोजा आपोआप उतरतोच असं नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत नोंद काढून घ्यावी लागते. बँकेच्या पत्राला बहुधा मुदत असते. चार वर्षं कपाटात ठेवलेलं पत्र पुन्हा नवं करून आणावं लागतं. फायनान्स कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर आणखी हेलपाटे.

यावर माझं मत स्पष्ट आहे. बोजा उतरवण्याचं काम विकणाऱ्याचं. तो उतरल्याशिवाय टोकनपलीकडे रक्कम देऊ नका.

घरी बसून दहा मिनिटांत

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, कितवा मालक, विम्याची आणि पीयूसीची मुदत, कर्जबोजा एवढं दिसतं. 'फर्स्ट ओनर' म्हणून सांगितलेली गाडी इथे तिसऱ्या मालकाची निघू शकते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर दंड थकलाय का ते बघा. दंड थकलेला असला की ट्रान्सफर अडू शकतं, आणि ती रक्कम कधी कधी जुन्या स्कूटरच्या किमतीच्या चौथाईपर्यंत गेलेली असते.

चोरीच्या गाडीची शंका असेल तर केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाची, म्हणजे एनसीआरबीची सेवा आहे. डिजिटल पोलीस पोर्टलवर इंजिन आणि चेसिस नंबर टाकून ती गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, हे तपासता येतं.

चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. मारुती सुझुकीचा नंबर एमए३ ने सुरू होतो, ह्युंदाईचा एमएएलने. प्रत्यक्ष गाडीवर तो कारच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, किंवा सीटखाली कोरलेला सापडतो, मोटरसायकलला हँडलखालच्या मानेवर. आरटीओच्या कामासाठी एजंट त्याची पेन्सिल प्रिंट घेतात: नंबरवर पारदर्शक टेप चिकटवायची किंवा कागद ठेवायचा आणि वरून शिसं घासायचं. तुम्हीही घ्या. कोरलेला नंबर घासून दुसरा ठोकला असेल तर डोळ्याला न दिसणारे ओरखडे त्या प्रिंटमध्ये उमटतात, अक्षरं वरखाली झालेली दिसतात. मग आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यावर सध्या निम्मे व्यवहार अडतात: आरसीशी जोडलेला मोबाइल नंबर. ऑनलाइन ट्रान्सफरला मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. जुन्या गाड्यांना कितीदा तरी शोरूमवाल्याचा किंवा एजंटचा नंबर लावलेला असतो. तो आधी बदलून घ्यायला सांगा.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली आहे का तेही बघा. महाराष्ट्रात ती नसेल तर ट्रान्सफर किंवा बोजा उतरवण्याचं काम पुढे सरकत नाही. खर्च किरकोळ, दुचाकीला जीएसटीसह ५३१ आणि कारला ८७९ रुपये. वेळ मात्र जातो.

"वडिलांची गाडी आहे, मीच विकतोय"

हे वाक्य ऐकलं की थांबा. वडील हयात असतील तर सही त्यांची हवी, ओटीपीही त्यांचाच. वारले असतील तर आधी गाडी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागते, मग तो वारस तुम्हाला विकू शकतो. घरच्यांना बहुधा हे माहीतच नसतं, त्यांच्या मनात काही काळंबेरं नसतं. पण वडिलांनी कधीकाळी सही करून ठेवलेला फॉर्म त्यांच्या निधनानंतर वापरायचा, हा सल्ला एजंट देतो तेव्हा तो तुम्हाला खोट्या कागदाचा भागीदार करत असतो. दोन महिने थांबा किंवा दुसरी गाडी बघा.

दिल्लीची गाडी इतकी स्वस्त का?

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. हरित लवादाचे आदेश २०१४-१५ चे, सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ मध्ये उचलून धरले. पुढे २०२५ मध्ये त्यात काही सवलती आल्या, पण बाजारभाव एकदा उतरला तो उतरलाच. म्हणून आठ-नऊ वर्षांची मोठी डिझेल गाडी तिकडे अर्ध्या किमतीत मिळते, आणि इकडे कुणीतरी ती ट्रेलरवर चढवून आणतं.

गाडी वाईट असेलच असं नाही. हिशेब मात्र पूर्ण मांडा. मूळ आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागते. इथे कायमची ठेवायची तर महाराष्ट्राचा एकरकमी कर पुन्हा भरायचा, आणि डिझेलला तो पेट्रोलपेक्षा चढा आहे. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण उरतो तोही चांगलाच असतो. तिकडे भरलेल्या कराच्या परताव्यावर हिशेब बांधू नका. हे सगळं धरून पुणे-नाशिकच्या भावाशी तुलना करा. फरक बराचसा विरघळलेला दिसेल.

वयाचा प्रश्न आपल्याकडेही आहेच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची फी कारला ५,००० आणि दुचाकीला १,०००, २० वर्षांपुढे दुप्पट, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. तेरा वर्षांची गाडी 'फक्त सव्वा लाखात' मिळत असेल तर हा खर्च दोन वर्षांवर येऊन ठेपलाय हे लक्षात ठेवा.

"इन्शुरन्स चालू आहे" म्हणजे नेमकं काय चालू आहे?

गाडीच्या विम्यात दोन भाग असतात. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर. हा कायद्याने सक्तीचा. ओन डॅमेज म्हणजे तुमच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी, हा ऐच्छिक.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे चार वर्षांच्या मोटरसायकलचा 'विमा चालू' दिसतो, पण ओन डॅमेज पहिल्याच वर्षी संपलेला असू शकतो. तसं असेल आणि गाडी चोरीला गेली तर हातात काही नाही.

दुसरा घोटाळा त्याहून मोठा. गाडी विकली की थर्ड पार्टी भाग कायद्याने नव्या मालकाकडे जातो. ओन डॅमेज आपोआप जात नाही; त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आणि 'नो क्लेम बोनस' ही सवलत माणसाची असते, गाडीची नव्हे. विकणाऱ्याचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळणार नाही, तो त्याच्या पुढच्या गाडीला लागेल. तेव्हा विम्याचा फरक बजेटमध्ये धरा.

आता बॉनेट उघडू

सकाळी जा, दिवसाउजेडी. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा का. थंड इंजिन सुरू होताना खोटं बोलत नाही: निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, सतत येणारा दाट पांढरा धूर म्हणजे बहुधा कूलंट आत शिरतंय, डिझेलचा काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. ऑइल कॅप उघडून आतल्या बाजूला बघा. दुधाळ चहाच्या रंगाचा साका दिसला तर ऑइलमध्ये पाणी आहे.

मीटरवर विश्वास ठेवू नका. डिजिटल मीटर मागे पाडणं आता लॅपटॉपचं काम झालंय. ३० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे ब्रेक-क्लचच्या पॅडलचे रबर गुळगुळीत होत नाहीत, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१८ ची गाडी, मीटर २८ हजार आणि चारही टायर २०२२ चे, तर पहिले टायर कुठे झिजले? मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा; प्रत्येक सर्व्हिसिंगचं किलोमीटर तिथे नोंदलेलं असतं. तिथे जायला मालक तयार नसेल तर मीही ती गाडी घेणार नाही.

मोठा अपघात झालाय का हे रंगापेक्षा बोल्टवर कळतं. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे, दारांचे, मडगार्डचे बोल्ट बघा. पाना लागला की डोक्यावरचा रंग उडतो. दाराच्या चौकटीचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहा. कारखान्यातले ठिपके सारख्या अंतरावर, एकसारखे गोल असतात, गॅरेजमधले नसतात. बंपर आणि दाराचे ओरखडे सोडून द्या, आपल्या रस्त्यांवर ते लागतातच. पुढची चेसिसची दांडी किंवा खांब जोडलेला असेल तर मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

पुरातली गाडी

हे आपल्या भागाचं दुखणं आहे म्हणून थोडं थांबतो. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ च्या जुलैत चिपळूण. प्रत्येक पुरानंतर काही महिन्यांनी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विक्रीला येतात.

२०२१ च्या डिसेंबरात एका मित्राबरोबर अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. आतून चकचकीत, नवे सीट कव्हर, डॅशबोर्डवर सुगंधी बाटली. आमच्या मेकॅनिकने काही न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. ओढत राहिला, पार शेवटपर्यंत. जो भाग कधीच बाहेर येत नाही, तिथे पट्ट्यावर एक तपकिरी रेघ होती, करंगळीएवढी रुंद, आणि तिच्याखाली सगळा पट्टा मळकट. पाणी तिथवर चढलं होतं. मग त्याने सीटखालचे रूळ दाखवले, गंजलेले. स्टेपनीची खोबण दाखवली, कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ. आम्ही नमस्कार करून निघालो.

बुडालेली गाडी लगेच बंद पडत नाही. वायरिंगच्या जोडांत ओल राहते, तांबं हळूहळू हिरवं होतं आणि वर्षभराने एअरबॅगचा दिवा लागतो, पॉवर विंडो अडतात, कधी चालता चालता गाडी बंद. सीटबेल्ट ओढायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक गाडीचा ओढा.

मोटरसायकल असेल तर

दुचाकीचं अर्धं सत्य समोरच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये असतं. पुढचा ब्रेक दाबून गाडी दोन-चारदा खाली दाबा. फोर्कच्या नळीवर ऑइलची कडी उमटली तर सील गेलंय. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हलकेच फिरवा; मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, संपलाय. चेनच्या मागच्या चक्राचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेनसेटचा खर्च धरा. पाठीमागे दहा पावलांवर उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहा. नसतील तर फ्रेम किंवा फोर्क वाकलाय.

"ओळखीच्याकडून घेतोय" आणि "मोठ्या कंपनीकडून घेतोय"

ओळखीचा माणूस फसवत नाही, पण फॉर्म राहून जातात. माझी स्कूटरही ओळखीतच गेली होती. ओळख असेल तर आरटीओत सोबत जाणं उलट सोपं.

डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला नियम माहीत हवा: जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी अधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद ऑनलाइन झाली की तिथपासूनची जबाबदारी डीलरवर येते. ते पत्र दाखवायला सांगा. डीलरच्या 'दोनशे मुद्यांच्या तपासणी'नंतरही आपला मेकॅनिक न्या. तो हजार-दोन हजार घेईल. तीन लाखांच्या व्यवहारात ही रक्कम वाचवू नका.

जीएसटीबद्दलही बराच गोंधळ उडाला. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवर १८ टक्के ठरवला, तो नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर. शेजाऱ्याने शेजाऱ्याला गाडी विकली तर जीएसटी नाही.

पैसे देण्याच्या दिवशी

रक्कम बँकेतून द्या, आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. काही भाग, दहा टक्के म्हणा, नाव चढेपर्यंत राखून ठेवा आणि तसं लिहून घ्या. सरळ माणूस याला नाही म्हणत नाही. मूळ आरसी, दोन्ही चाव्या, विमा, पीयूसी, बोजा उतरवल्याचा कागद त्याच वेळी ताब्यात घ्या.

आणि डिलिव्हरी नोट करा. साध्या कागदावर चालते: गाडीचा नंबर, चेसिस नंबर, मीटरचं वाचन, दोघांच्या सह्या, तारीख आणि वेळ, मिनिटासकट. चलानवर मिनिट छापलेलं असतं, म्हणून इथेही हवं. ६:४० ला चावी दिली असेल तर ६:५५ चा सिग्नल कुणी तोडला याचा वाद उरत नाही.

माझ्याकडे असा कागद नव्हता. शेवटी एका मंगळवारी मी त्या ओळखीच्या माणसाच्या घरी सकाळी सातला गेलो, त्याला मागे बसवून आरटीओत नेलं, सगळी चलानं भरली, निम्मी मी आणि निम्मी त्याने. पुढच्या महिन्यात त्याच्या नावाचं स्मार्ट कार्ड पोस्टाने त्याच्या घरी आलं. त्याने फोटो काढून मला पाठवला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.